बहिणीची सही: हक्कसोडपत्र म्हणजे नक्की काय, आणि त्यावरून माहेरं का तुटतायत

गेल्या मे महिन्यात माझी लांज्याची आत्या रत्नागिरीला आली होती, सही करायला. दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात आधी फोटो काढतात आणि मग काचेच्या छोट्या मशीनवर अंगठा घेतात, तो अंगठाच उठेना. रुमालाने पुसला, पाण्याने धुतला, पदराला घासला, पाच-सहा वेळा झालं तरी नाही. आत्या बारा वर्षं काजूच्या कारखान्यात आहे, बी फोडताना टरफलातलं तेल हाताला लागतं, कातडी जळून सोलते आणि हळूहळू बोटावरच्या रेषा पुसट होतात, तिच्या दोन्ही अंगठ्यांचं तसंच झालंय. ऑपरेटर म्हणाला थोडं थांबा, दुसऱ्या बोटाने बघू. आत्या बाकावर माझ्या शेजारी येऊन बसली, पाचेक मिनिटं स्वतःच्या हाताकडे बघत राहिली आणि मग पप्पांना म्हणाली, "दादा, आज नको. माजं नाव तेवडं राहू दे."

त्या दिवसापासून आमच्या घरात तिच्याशी कोणी नीट बोललेलं नाही. गणपतीला ती आली नाही. गौरी आल्या, त्यांचं माहेरपण झालं, आणि घरची माहेरवाशीण लांज्याला तिच्या घरी बसून होती.

मी टीवायला आहे. आमच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धेला समानता, संस्कृती, आधुनिक विचार असले विषय दरवर्षी असतात आणि मी त्यात बोललोय पण. पण त्या बाकावर बसल्यावर मला कळलं की आपल्या घरातल्या समानतेचा कागद मी कधी वाचलेलाच नाही. मग वाचला, वकिलांना विचारलं, सातबारे काढले. दर काही महिन्यांनी "मुलींना समान हक्क" अशी बातमी येते, गावच्या ग्रुपवर दोन दिवस भांडण होतं आणि निम्म्या लोकांना मुळात काय म्हटलंय तेच माहीत नसतं, म्हणून जे मला समजलं ते इथे साध्या भाषेत लिहितोय.

आधी हक्कसोडपत्र म्हणजे काय ते बघू

माणूस गेला की त्याच्या जमिनीवर वारसांची नावं लागतात, त्याला वारस नोंद म्हणतात. तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे कळवायचं असतं, आता ऑनलाइन ई-हक्कवरूनही अर्ज जातो. आजोबा २०१९ ला गेले, त्यानंतर आमच्या सातबाऱ्यावर सहा नावं लागली: आजी, पप्पा, काका आणि तीन आत्या.

आता या सहांपैकी कोणी आपला हिस्सा दुसऱ्याच्या नावाने सोडून दिला तर त्या कागदाला हक्कसोडपत्र म्हणतात. तो रजिस्टर करावा लागतो. स्टॅम्पपेपरवर घरीच लिहून सह्या घेतल्या आणि कपाटात ठेवला तर त्याने हक्क सुटत नाही. आणि एकदा रजिस्टर झाला की "माझा विचार बदलला" म्हणून परत घेता येत नाही, फसवून किंवा जबरदस्तीने सही घेतली असं कोर्टात सिद्ध करावं लागतं आणि त्यालाही मुदत असते, साधारणपणे फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं. म्हणजे ती एक सही आयुष्यभराची आहे.

एक गोष्ट इथेच सांगतो कारण गावात याचा फार गोंधळ आहे. सातबाऱ्यावर नाव असणं म्हणजे मालकी आणि नाव नसणं म्हणजे हक्क गेला, असं नाही. सातबारा हा मुळात महसुलासाठी ठेवलेला कागद आहे, नुसत्या फेरफारने, म्हणजे नाव बदलल्याच्या नोंदीने, मालकी येत पण नाही आणि जात पण नाही हे सुप्रीम कोर्टाने कितीतरी वेळा सांगितलंय. त्यामुळे "तिचं नाव लावलंच नव्हतं, मग तिचा काय संबंध" हे बोलणं चूक आहे.

आमच्याकडे विषय निघाला कारण पूर्णगडच्या बाजूला आमची जी वरकस जमीन आहे तिथून समुद्र दिसतो, आणि मुंबईच्या एका पार्टीला ती हवी होती. पूर्वी त्या कातळाला कोणी विचारत नव्हतं, पावसाळ्यात गवत आणि बाकी आठ महिने ऊन. पार्टीच्या वकिलाने सहाही जणांच्या सह्या मागितल्या. काका म्हणाले बहिणींकडून हक्कसोड करून घेऊ म्हणजे दरवेळी सगळ्यांना बोलवायला नको. थोरल्या दोघींनी केली. कोकणात सध्या घराघरात हेच चाललंय, रस्ता रुंद होतो, मोबदला येतो, प्लॉट पडतात आणि तीस वर्षं ज्या बहिणीला कागदासाठी कोणी फोन केला नव्हता तिला फोन जातो.

कायदा कसा बदलत गेला, आमच्याच घराच्या हिशोबात

जुन्या हिंदू कायद्यात वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच हक्क असायचा तो फक्त मुलग्यांना. असा जन्मतः हक्क असणाऱ्याला कायद्यात सहदायाद म्हणतात, हा शब्द एकदाच लक्षात ठेवा. रापणीचं उदाहरण घ्या. किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासळीचं मोठं जाळं, ओढायला जो दोरीला हात लावतो त्याला मासळीत वाटा असतो, छोटा का होईना, आणि तो त्याचा हक्काचा असतो. पण जो नुसता बघायला उभा आहे त्याला कोणी चार बांगडे दिले तर ते देणाऱ्याच्या मनावर. मुलगा जन्मला की त्याचा हात दोरीला लागलेलाच धरायचे, आणि मुलगी घरात कितीही राबली तरी ती बघायला उभी.

१९५६ साली हिंदू वारसा कायदा आला. त्यात एक मोठी गोष्ट झाली, वडिलांच्या स्वतःच्या हिश्शात मुलगी मुलग्याच्या बरोबरीने वारस झाली. पण सहदायाद मात्र मुलगेच राहिले. हे ऐकायला बारीक वाटतं म्हणून आकड्यात सांगतो. समजा वडिलोपार्जित जमीन ९६ गुंठे आहे, घरात आई-वडील, दोन मुलगे, तीन मुली. वडील वारले. जुन्या पद्धतीत आधी वडील, आई आणि दोन मुलगे असे चार वाटे कागदावर पाडायचे, प्रत्येकी २४ गुंठे. मग फक्त वडिलांच्या २४ गुंठ्यांचे सहा वारसांत भाग, प्रत्येकी ४. म्हणजे मुलग्याला २४ आणि ४ मिळून २८ गुंठे आणि मुलीला ४ गुंठे. कायद्यात "समान वारस" लिहिलेलं होतं आणि हातात २८ ला ४ येत होते.

महाराष्ट्राने १९९४ साली हे बदललं आणि मुलींना सहदायाद केलं, पण २२ जून १९९४ च्या आधी ज्यांचं लग्न झालं त्यांना वगळून. आमच्या थोरल्या आत्याचं लग्न १९९१ चं, धाकट्या दोघींची नंतरची. एकाच आईच्या तीन मुली, आणि लग्नाच्या तारखेवरून एकीचा हक्क वेगळा.

मग ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राची दुरुस्ती लागू झाली आणि लग्न झालेलं असो नसो, मुलगी जन्मतः सहदायाद. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटप किंवा विक्री झालेली असेल तर ते उकरून काढायचं नाही असं ठरलं. त्यानंतरही पंधरा वर्षं एक वाद चालू राहिला, की २००५ ला वडील हयात असायला हवेत का? २०१५ च्या निकालात सुप्रीम कोर्ट हो म्हणालं, २०१८ च्या एका निकालात उलटं झालं, आणि शेवटी ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की हक्क जन्माने येतो, त्यामुळे वडील त्या तारखेला हयात होते की नव्हते याचा संबंध नाही.

आता तोच ९६ गुंठ्यांचा हिशोब आजच्या कायद्याने करून बघा, प्रत्येकाला सोळा येतात. आईला १६, मुलग्यांना १६, मुलींना १६. मी हे वहीत मांडलं तेव्हा पप्पा मागे उभे होते. २८ चे १६ झालेले त्यांनी पाहिले, आणि काही न बोलता बाहेर गेले. माझ्या आत्यासाठी मात्र ४ चे १६ झाले होते.

कोकणासाठी त्याच २०२० च्या निकालातली दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. आपल्याकडे "तोंडी वाटप कधीच झालंय" असं सर्रास सांगतात. कोर्टाने म्हटलंय की नुसतं तोंडी सांगून चालणार नाही, अगदी अपवाद म्हणून आणि पक्के सरकारी कागद पाठीशी असतील तरच ते धरलं जाईल.

हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना लागू आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या मुस्लिम घरांत मुलीचा हिस्सा ठरलेला आहे, साधारण मुलग्याच्या निम्मा, ख्रिश्चन घरांत मुलगा-मुलगी सारखे. कायदे तीन वेगळे आहेत, पण माझे मित्र सांगतात की बहिणीकडे कागद घेऊन जायची पद्धत सगळीकडे जवळपास एकच आहे.

"पण वडिलांनी मृत्युपत्र केलं असेल तर?"

स्वतः कमावलेली मिळकत वडील कोणालाही लिहून देऊ शकतात, एकट्या मुलग्याला पण. वडिलोपार्जित असेल तर फक्त स्वतःच्या हिश्शापुरतंच. त्यामुळे जमीन मुळात आली कुठून हे फेरफार काढून बघावं लागतं.

"लग्नात दिलं की सगळं"

हा सगळ्यात पहिला मुद्दा येतो. काकांनी पण हेच सांगितलं, तिच्या लग्नाला कर्ज काढलं होतं, चार तोळे घातले होते. खरं आहे ते. पण हुंडा घेणं-देणं १९६१ पासून गुन्हा आहे, त्यामुळे तो हिश्शात वळता करा असं म्हणणं म्हणजे गुन्ह्याची पावती दाखवणं झालं. आणि जेवणावळीचा, मांडवाचा, मानपानाचा खर्च हा घराच्या इभ्रतीसाठी असतो, तो नवरीच्या हातात येत नाही. मुलग्याच्या लग्नाचा, शिक्षणाचा खर्च त्याच्या वाट्यातून कापलेला मी तरी कुठे बघितला नाही. आत्याचे ते चार तोळे नवऱ्याच्या आजारपणात गेले. जमीन कशी जात नाही ते गावातल्या प्रत्येकाला माहीत आहे, म्हणून तर सोनं मुलीला आणि जमीन मुलग्याला.

"तिला सासरी पण मिळतं, मग दोन्हीकडून घेणार का?"

हे मलाही बरोबर वाटायचं, वाचेपर्यंत. सुनेला सासरच्या जमिनीत जन्मतः काही हक्क नसतो, नसणारच. नवरा हयात असेपर्यंत त्याच्या जमिनीत तिची मालकी नाही, तो गेल्यावर ती वारस होते, ते पण मुलांच्या आणि सासूच्या बरोबरीने. म्हणजे माहेर म्हणतं तुझं सासरी, सासर म्हणतं आमच्या मुलाचं आहे, आणि मधली पन्नास वर्षं तिच्या नावावर कुठेच काही नाही. माझी आत्या विधवा झाली तेव्हा सासरच्या सातबाऱ्यावर तिचं नाव लागायला दोन वर्षं गेली, दिराने सही अडवली होती. ज्या कारणाने दीर आम्हाला वाईट दिसला, त्याच कारणाने आज आम्ही तिच्यावर रागावलोय, ही गोष्ट मी घरात बोललो तेव्हा आई रडली.

आईचं नंतर कळलं. तिचं माहेर मालवणकडचं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मामाने बोलवून सही घेतली होती. मी विचारलं कशावर केलीस? म्हणाली, "माका कोणी वाचून दाखवल्यानच नाय. सही कर सांगल्यानी, मी केलंय." इतकी वर्षं ती याबद्दल कधी बोललेली नव्हती.

"जमिनीचे तुकडे होतील"

कोकणात तुकडे व्हायचे बाकी आहेत का? आमच्या एका गटात सातबाऱ्यावर एकतीस नावं आहेत आणि ती सगळी पुरुषांच्याच वाटपाने झालीत, चुलत, चुलतचुलत, अर्धे मुंबईला, दोघांचा पत्ता नाही. मुलग्यांच्या वाटपात तुकडे होतात तेव्हा कोणी शेतीचं नुकसान म्हणत नाही. शिवाय नाव असणं म्हणजे बांध घालणं नाही. जमीन एकत्र ठेवून उत्पन्न वाटून घेता येतं, आंब्याची पट्टी आली की खर्च वजा करून हिस्सा देता येतो. भाऊ-भाऊ हे करतातच की.

"बाग आम्ही वाढवली, आई-बाबांना आम्ही बघितलं"

या मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त विचार केलाय, कारण हा खरा आहे आणि हा बोलणाऱ्याला स्वार्थी म्हणून गप्प करणं चूक आहे. माझ्या पप्पांनी चाळीस कलमं लावली, कातळात सुरुंग लावून खड्डे काढले, माती बाहेरून आणली, पहिली चार वर्षं खांद्यावरून पाणी घातलं. मोहोर आल्यावर फवारणी, तुडतुडा, थ्रिप्स, अवकाळी पाऊस, एक वर्ष येतं दोन वर्षं जातात. आजोबा शेवटी आठ महिने अंथरुणात होते, त्यांचं सगळं आई-पप्पांनी केलं. हे हिश्शाच्या सरळ भागाकारात येत नाही, आणि ते न आल्याचा राग माणसाला येणारच.

पण याचं उत्तर बहिणीचं नाव काढणं नाही, हिशोब उघडा करणं आहे. घरचं वाटप सहमतीने करता येतं, कलमं ज्याने लावली त्याला बाग आणि कातळाचा भाग बहिणींना, किंवा बागेचा खर्च आणि मेहनत आधी धरून उरलेल्यात वाटे, जे सगळ्यांना पटेल ते लिहून रजिस्टर करता येतं. त्यासाठी समोर बसून बोलावं लागतं, बहिणीला हिस्सेदार म्हणून. आणि बघण्याचं म्हणाल तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात आई-वडिलांच्या सांभाळाची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर आहे. लांज्याची आत्या आजोबांच्या आजारपणात दर रविवारी एसटीने यायची, त्यांचे कपडे धुऊन जायची. ते पण कुठल्या हिशोबात नाही.

अजून एक. मेहनतीचाच हिशोब काढायचा तर पूर्ण काढू. आमच्या आजोबांच्या पिढीतले पुरुष मुंबईला गिरणीत होते, मनीऑर्डर यायची, आणि इथे भाजावळ, पेरणी, लावणी, कापणी आजीने आणि तिच्या मुलींनी केली. आत्या आठवीत असताना शाळा सोडून लावणीला उतरली कारण माणसं कमी पडत होती. त्याच वर्षी काका दहावीला होते आणि त्यांची शाळा चालू राहिली.

"हे सगळं आपल्या संस्कृतीत नव्हतं"

विज्ञानेश्वरांनी साधारण नऊशे वर्षांपूर्वी मिताक्षरा लिहिली, चालुक्यांच्या दरबारात, आपला जुना वारसा कायदा तिच्यावरच उभा होता. जन्मतः हक्क मुलग्यांना हे त्यातलंच. पण त्याच मिताक्षरेत स्त्रीधनाचा अर्थ इतका मोठा केलाय की वारशाने आलेलं, विकत घेतलेलं, वाटणीत मिळालेलं सगळं त्यात धरलंय. पुढच्या लोकांनी तो अर्थ अरुंद केला. म्हणजे परंपरेतही निवड होत होतीच.

आणि जवळचं बघा. आमची जमीन मुळात आमची नव्हती, खोताची होती, आमचे पणजोबा कूळ. १९३३ ते १९३९ अलिबागकडे चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली संप केला, १९३७ साली बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करायचं विधेयक मांडलं, मग १९४९ चा खोती रद्द करणारा कायदा, कूळ कायदा, आणि १ एप्रिल १९५७ पासून कसणाऱ्याला मालक धरायला सुरुवात झाली. तेव्हा खोतांची घरं पण म्हणालीच असतील की पिढ्यानपिढ्या चालत आलंय, गावचा सलोखा कशाला मोडता. आपण तो कायदा आनंदाने घेतला. ज्यांचं मूळ गाव आपल्याच मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, त्या बाबासाहेबांनी पुढे हिंदू कोड बिलात मुलींचा वारसा आणला आणि ते अडवलं गेलं म्हणून १९५१ ला मंत्रिपद सोडताना जी कारणं दिली त्यात ते होतं. एकाच माणसाची दोन कामं, त्यातलं एक आम्ही सातबाऱ्यावर लावून घेतलं आणि दुसरं आलं की संस्कृती आठवते.

"पण बहिणी स्वतःच नको म्हणतात"

म्हणतात. थोरल्या दोन्ही आत्या म्हणाल्या, "आमाला काय नको, दोन दिवस माहेरी आलो की बरं वाटतं, तेवढं असू दे." हक्क सोडणं हा पण हक्क आहे, कोणी मनापासून भावाला दिलं तर त्यात मला काहीच चूक वाटत नाही. पण मी त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग ऐकतो. तेवढं असू दे. म्हणजे सही केली नाही तर तेवढं राहणार नाही हे तिला माहीत आहे, आणि धाकटीचं काय झालं ते आता सगळ्यांनी बघितलंय. ज्या सहीला नाही म्हटल्यावर गणपतीचं बोलावणं बंद होतं ती सही खुशीची कशी धरायची?

म्हणून मला वाटतं कायद्याने अर्धंच काम केलंय. हक्क दिला, पण तो मागायचा वाईटपणा एकट्या बहिणीवर राहिला. तिने तोंड उघडलं की ती पैशाला हपापलेली, आणि भाऊ गप्प बसला तरी चांगलाच. हे बदलायचं तर बोलायला सुरुवात भावाने करायला हवी, माझ्यासारख्या मुलग्यांनी, तिने मागायच्या आधी. कागद तिला आधी घरी पाठवायचा, तिच्या पोरांना वाचू द्यायचा, आकडा सांगायचा की तुझे सोळा गुंठे, आजचा भाव हा, आणि सांगायचं की सही नाही केलीस तरी ओवाळणी, साडी, गौरी सगळं तसंच राहील.

माझी बहीण अकरावीला आहे. हे सगळं चालू असताना तिने एकदा जेवताना पप्पांना विचारलं, माझी पण अशीच सही घेणार का? पप्पांच्या आधी मी नाही म्हटलं. पप्पा भातावर आमटी ओतत राहिले, ताट भरून वाहायला लागलं तेव्हा थांबले.

कातळाचा व्यवहार सध्या थांबलाय, पार्टी दुसरीकडे बघतेय, काका नाराज आहेत. मी सहा हिश्शांचा कागद करून सगळ्यांना पाठवलाय, बागेचा खर्च वेगळा काढून, कलमं पप्पांकडे धरून. थोरल्या आत्याचा फोन आला होता, तिने विचारलं की तिच्या नावाचे गुंठे किती होते. मी सांगितले. ती म्हणाली, "येवडे?" आणि मग बराच वेळ फोनवर फक्त त्यांच्याकडचा पंखा ऐकू येत होता.

लांज्याला पप्पा अजून गेलेले नाहीत. शनिवारची साडेसातची एसटी धरूया का असं त्यांनी काल मला विचारलं.